दोन टक्क्यांचा उपमा

माझ्या धाकट्या मेहुण्याचं बोईसरला सेफ्टी शूजचं दुकान आहे. बूट, हेल्मेट, हातमोजे, गॉगल, बॉयलर सूट असा सगळा माल. तारापूर एमआयडीसीत कारखाने भरपूर, कारखान्यांत माणसं भरपूर आणि माणसांना पाय प्रत्येकी दोन, त्यामुळे धंदा बरा चालतो. मेहुणा तसा दिलदार. गिऱ्हाईक घरचंच निघालं की बिलावरचे शंभर-दीडशे तो आपल्या हाताने खोडतो, आणि बोईसरात दहा मिनिटं गप्पा मारल्या की कोणीही घरचाच निघतो. लेबर कॉन्ट्रॅक्टरांची उधारी तीन तीन महिने वहीत लोळत असते. त्यावर व्याज लावणं त्याला असंस्कृतपणाचं वाटतं. पण कार्डाच्या मशीनने दहा हजारांतले दोनशे बारा रुपये कापले की त्या रात्री त्याला जेवण जात नाही.

मी पालघरला राहतो. शाळेत हेडक्लार्क होतो, त्यामुळे मला हिशेब कळतो असा सासरच्या मंडळींचा समज आहे आणि तो मोडून काढण्याची संधी त्यांनी मला कधी दिली नाही. महिना उलटला की फोन येतो, ‘‘भाऊजी, या. बँकेने परत हात मारला.’’ मग डहाणू लोकल धरायची, उमरोळी मागे टाकायची आणि बोईसरला उतरून त्याच्या गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायचं. चहा येतो. चहाच्या आधी स्टेटमेंट येतं.

‘‘बूट माझे, गिऱ्हाईक माझं, भाडं माझं, लाइटबिल माझं. हे दोनशे बारा रुपये चाळीस पैसे खातो कोण?’’

मी त्याला मांडून दाखवलं. दहा हजारांचं बिल क्रेडिट कार्डाने आलं. त्याचा बँकेशी ठरलेला एमडीआर, म्हणजे कार्डाच्या व्यवहारावर कापायचं शुल्क, १.८ टक्के. त्याचे झाले १८० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३२ रुपये ४० पैसे. दुसऱ्या दिवशी खात्यात ९,७८७ रुपये ६० पैसे. त्यातला जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो, आणि बिल दोन हजारांपर्यंतचं असेल तर बँकेच्या या शुल्कावर जीएसटी लागतच नाही. यावर मेहुणा म्हणाला, ‘‘ते बत्तीस रुपये सीए बघेल. एकशे ऐंशीचं बोला.’’

एकशे ऐंशीला तीन तोंडं. मशीन देणारी बँक, मध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क, आणि गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक. सगळ्यात मोठा घास या तिसरीचा. ‘‘तिने काय केलं? ती तर दुकानात आलीसुद्धा नाही!’’ मी म्हटलं, ती गिऱ्हाइकाला महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे वापरू देते, बुडवले तर तिचे बुडतात. शिवाय त्यातूनच पॉइंट देते.

‘‘कसले पॉइंट?’’

मला वाटतं, हे मी सांगायलाच नको होतं. पॉइंटांवरून गोष्ट विमानतळावरच्या लाउंजवर गेली. काही कार्डांवर दोन रुपये घासले की लाउंजमध्ये बसायला मिळतं, पोटभर खायला मिळतं, इडली असते, उपमा असतो. मेहुण्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. ‘‘म्हणजे मी इथे वडापावावर दिवस काढतो आणि तो प्रॉडक्शन मॅनेजर माझ्या बुटांवर मुंबईला उपमा खातो?’’ तेव्हापासून इस्त्रीच्या शर्टातलं कुठलंही गिऱ्हाईक आत आलं की तो माझ्याकडे बघून हळूच म्हणतो, ‘‘आला उपमा.’’

युरोपात २०१५ पासून कायद्याने कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा क्रेडिट कार्डावर ०.३ टक्क्यांवर आणि डेबिटवर ०.२ टक्क्यांवर बांधून टाकलाय, हेही मी त्याला सांगितलं. तिकडे सेफ्टी शूज चालतात का, एवढंच त्याने विचारलं.

आपल्याकडे क्रेडिट कार्डाला असा कमाल दर नाही. डेबिटला आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये परिपत्रक काढलं, जानेवारी २०१८ पासून लागू. वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला दोनशे रुपयांची मर्यादा. वीस लाखांच्या वर ०.९० टक्के, मर्यादा हजार रुपये. आणि जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावर शून्य. हे शून्य कळल्यापासून मेहुण्याच्या वागण्यात जातिभेद शिरलाय. रुपे डेबिट दिसलं की गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची आणि वीस रुपयांचा थंडा. क्रेडिट कार्ड दिसलं की पंखासुद्धा एक नंबरवर. थंड्याचे वीस रुपये त्याच्या हिशेबात कुठेच धरलेले नसतात.

मध्यंतरी त्याने पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं : ‘कार्ड पेमेंटवर २% एक्स्ट्रा’. मी म्हटलं, हे काढ. दुकानदाराने डेबिट कार्डावर वेगळा आकार घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय, २०१७ च्या परिपत्रकातही तेच आहे. क्रेडिटच्या बाबतीत मशीन घेताना सही केलेल्या करारात बघ. गिऱ्हाइकाने तक्रार केली तर बँक मशीन उचलून नेईल. त्याने निमूटपणे पुठ्ठा काढला. पुढच्या खेपेला त्याच खिळ्याला पुठ्ठ्याची दुसरी बाजू लटकत होती : ‘रोख खरेदीवर २% सूट’. एवढं डोकं शाळेत लावलं असतं तर आज तो रिझर्व्ह बँकेतच असता.

दोन टक्क्यांनी कळवळणारा तो काही एकटा नाही. नोटाबंदीनंतर सगळा देश कार्डाच्या रांगेत उभा असताना, ९ जानेवारी २०१७ पासून कार्ड घेणार नाही असं पेट्रोलपंपवाल्यांनी जाहीर केलं होतं. बँका एक टक्का मागत होत्या आणि पंपाचं कमिशन लिटरमागे ठरलेलं. त्यातून एक टक्का जायचा कुठून? मग धावाधाव झाली, निर्णय पुढे ढकलला गेला, आणि भार पंपावरही नको, गिऱ्हाइकावरही नको असं सरकारने सांगितलं. म्हणजे उरलं कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोललं नाही.

याउलट आमच्या पालघरच्या बाजारात सातपाटीहून येणारी एक मावशी. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, तेव्हापासून तो आमच्या ताटात कमी आणि भाषणांत जास्त दिसतो, म्हणून मी आपला बोंबील घेतो. मावशीच्या पाटीला क्यूआर कोड सुतळीने बांधलेला आहे. वर प्लास्टिक, प्लास्टिकवर दोन-चार खवले. त्यातला एक नेमका कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनावर चिकटला की फोन काही केल्या कोड वाचत नाही. मग मावशी पदराने तो पुसते आणि त्या जागी दोन नवे चिकटवते. तिचे हात ओले, तिला फोन बघायचाच नसतो. शेजारच्या डब्यातून आवाज आला पाहिजे. ‘‘बोलला काय?’’ असं विचारून ती पिशवी आवळून धरते आणि डब्याने आकडा उच्चारल्यावरच सोडते. मी तिला म्हटलं, मावशी, यात तुला टक्का लागत नाही, सरकार बँकांना तिजोरीतून भरपाई देतं. ती म्हणाली, ‘‘आनि डब्याचं भाडं कापतात ते कोन देतं?’’ मी बोंबील घेऊन घरी आलो.

तसल्याच डब्याने मेहुण्यालाही एकदा गोंधळात टाकलं. डबा मोठ्याने म्हणाला, दोन हजार सहाशे रुपये प्राप्त झाले. दुसऱ्या दिवशी खात्यात कमी. यूपीआय तर फुकट! तपास केला तेव्हा कळलं, गिऱ्हाइकाने क्यूआर स्कॅन केला खरा, पण त्याच्या यूपीआयला रुपेचं क्रेडिट कार्ड जोडलेलं होतं. छोट्या दुकानदाराला त्यावर दोन हजारांपर्यंत आकार नाही, वर गेलं की आहे. ‘‘म्हणजे उपमा आता मागच्या दाराने येतो,’’ मेहुणा म्हणाला.

त्याचं दुकान गाळ्यांच्या रांगेत अगदी आत. मशीनला रेंज नसते. गिऱ्हाइकाने पिन दाबला की मेहुणा मशीन दोन्ही हातांत धरून दारात येतो आणि टॉवरच्या दिशेने आरतीच्या तबकासारखं ओवाळतो. एकदा तसं ओवाळताना गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे गेल्याचा मेसेज आला आणि मशीनवर आलं, व्यवहार अयशस्वी. स्लिप नाही. गिऱ्हाईक म्हणतं पैसे गेले, मेहुणा म्हणतो आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलतायत. मी स्टुलावरून नियम सांगितला. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. गिऱ्हाइकाचा चेहरा एकदम शांत झाला. ‘‘शंभर? रोज?’’ पैसे लवकर येऊ नयेत म्हणून तो वाटेत देवळात थांबला असावा, असा मला दाट संशय आहे.

परवा मी बसलो असताना एक कॉन्ट्रॅक्टर आला. चाळीस हजारांची उधारी, साडेतीन महिने जुनी. मेहुण्याने आधी खुर्ची दिली, मग थंडा मागवला. कॉन्ट्रॅक्टरने खिशातून क्रेडिट कार्ड काढलं. मेहुण्याचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

‘‘असं करा शेठ,’’ कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘‘पन्नास घासा. चाळीस तुमचे, दहा मला रोख द्या. लेबरचा पगार करायचाय.’’

मी खाकरलो. क्रेडिट कार्डावर खोटं बिल फाडून रोख देणं करारात बसत नाही, बँकेला कळलं तर मशीनही जातं आणि पुढे कोणी दुसरं देत नाही. कॉन्ट्रॅक्टरने, हा कोण, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. ‘‘आमचे भाऊजी,’’ मेहुणा ओशाळून म्हणाला, ‘‘हिशेबाचे आहेत.’’

चाळीसच घासले. दारात ओवाळणी झाली, मशीन कुरकुरलं, स्लिप बाहेर आली. मेहुण्याने कॅल्क्युलेटर ओढला. सातशे वीस, वर एकशे एकोणतीस साठ, एकूण आठशे एकोणपन्नास रुपये साठ पैसे. साडेतीन महिने चाळीस हजार बिनव्याजी दिले त्याचं व्याज किती होतं, ते मी त्याच कॅल्क्युलेटरवर करून दाखवणार होतो, पण त्याने तो हातातून सोडला नाही.

तेवढ्यात कॉन्ट्रॅक्टरचा फोन वाजला. त्याने मेसेज वाचला आणि खूश होऊन थंड्याचा शेवटचा घोट घेतला. ‘‘पॉइंट जमले. आता मिक्सर येईल घरी.’’

मेहुण्याने तो मिक्सर किती वॅटचा ते विचारून घेतलं, आणि जार किती तेही.