सुई बदलणाऱ्याची तक्रार

जुन्या रेकॉर्डप्लेअरला नवे कार्ट्रिज बसवायचे म्हणजे दोन स्क्रू आणि चार वायरी, असे विकणारा सांगतो. माझी तक्रार त्याच्या डब्यात न मिळणाऱ्या गोष्टींबद्दल आहे.

आधी स्क्रू. दोन स्क्रूंमधले अंतर १२.७ मिलिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, हे बहुतेक सगळ्यांनी मान्य केले. लांबी मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली. कार्ट्रिज ज्याला बसते त्या जुन्या हेडशेलची जाडी वेगळी, त्यामुळे डब्यातला स्क्रू एक तर नटापर्यंत पोचत नाही, नाहीतर खाली इतका लोंबतो की रेकॉर्डला घासेल. त्यातून तो लोखंडी निघाला तर आणखी पंचाईत. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो. साधा स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की हिसका बसतो आणि सुईची नाजूक दांडी वाकू शकते. तीन लांबीचे पितळी स्क्रू डब्यात टाकायला कितीसा खर्च येणार?

वायरींचे रंग तरी शहाणपणाने ठरले आहेत: पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. पण जुन्या आर्ममधल्या वायरींचे रंग विटलेले असतात आणि क्लिप ओढली की केसाएवढी तार डागातून निखळते. ती कार्ट्रिजच्या पिनेवर कधीही डाग देऊन जोडू नये. उष्णता आतल्या कॉइलपर्यंत पोचते आणि नवे कोरे कार्ट्रिज वाया जाते. हा इशारा मला डब्यावर ठळक अक्षरांत हवा आहे.

खरा राग मात्र सुईच्या कोनाबद्दल आहे. रेकॉर्ड कापणारे यंत्र कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. आपला आर्म एका टोकाला खिळलेला, तो कमानीत फिरतो. म्हणून सुई खाचेत बिनचूक कोनात बसते ती फक्त दोन ठिकाणी. ती कुठे असावीत याचे हिशेब निरनिराळे आहेत. बेअरवाल्डच्या हिशेबाने मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर, स्टीव्हन्सनच्या हिशेबाने ६०.३ आणि ११७.४ वर. कार्ट्रिजबरोबर मापाचा कागद मिळालाच, तर तो कोणत्या हिशेबाचा हे त्यावर नसते.

ख्याल ऐकणाऱ्याला हा फरक किरकोळ नाही. ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर कडेची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, शेवटची जेमतेम २१ सेंटिमीटर. तेच स्वर निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेले असतात, म्हणून कोन चुकला की आवाज तिथे सर्वांत जास्त फाटतो. विलंबित कडेला निवांत वाजते. द्रुत आणि तिच्या ताना नेमक्या या आतल्या खाचांत येतात. भीमसेन जोशींची तान खरखरीत ऐकावी लागणे मला सहन होत नाही. स्टीव्हन्सनचे आतले ठिकाण मध्याला जास्त जवळ आहे, म्हणून आपल्या संगीतासाठी त्याचाच हिशेब घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. मधल्या पट्ट्यात थोडे सोसले तरी चालेल. टेक्निक्सने आपल्या एसएल-१२०० रेकॉर्डप्लेअरसाठी सुई कुठे बसवायची हे सरळ सांगितले होते: हेडशेलच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. साधी पट्टी पुरते. इतकी माणुसकी बाकीच्यांनाही जमली असती.

उरला सुईचा प्रश्न. शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज बनवणे थांबवले, तेव्हा त्या जुन्या कार्ट्रिजांना आता बहुतेक दुसऱ्यांनी बनवलेल्याच सुया शोधाव्या लागतात. पाकिटावर ‘डायमंड’ एवढेच छापलेले असते. टोक गोल की लंबगोल, हे विचारले तर दुकानदार म्हणतो, ‘बसेल हो, घेऊन जा.’ बसेल हे मलाही माहीत आहे. पण आतल्या खाचांतले बारीक स्वर लंबगोल टोक जास्त चांगले उचलते, आणि सुईवर किती ग्रॅम वजन द्यायचे हे कळल्याशिवाय आर्मच्या मागचा काउंटरवेट कुठे थांबवायचा? टोकाचा आकार, त्याचे माप आणि सुईवर द्यायचे वजन, एवढे पाकिटावर छापा. जागा भरपूर असते.