एप्रिलमधला भगीरथ

मिनेसोटात किंवा शिकागोच्या उपनगरात घर घेतलेल्या मराठी इंजिनिअरमध्ये एक भगीरथ दडलेला असतो आणि तो नेमका एप्रिलमध्ये जागा होतो. पुण्यात नळ गळू लागला की हाच गृहस्थ खाली बादली सरकवून प्लंबरची वाट पाहत बसे. तिकडे प्लंबर नुसतं दारात येण्याचेही पैसे लावतो, म्हणून त्याने स्वावलंबनाची दीक्षा घेतली, असं म्हणतात. लोक याला काटकसर समजतात. मला ते पटत नाही. काटकसरच करायची असती तर त्याने ऑक्टोबरमध्ये अंगणातल्या नळाचा होज काढून ठेवला असता. त्याला हवा असतो पराक्रम, आणि पराक्रमाला आधी संकट लागतं.

पुरावा त्या नळातच आहे. थंड मुलखातल्या घरांना बाहेरच्या भिंतीवर फ्रॉस्ट-फ्री नळ बसवतात. चावी बाहेर दिसते, पण तिचा दांडा चांगला आठ-दहा इंच आत जातो आणि पाणी अडवणारा वायसर घराच्या उबेत बसतो. नळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असल्याने बंद केला की नळीतलं उरलंसुरलं पाणी गळून जातं. गोठायला काही राहतच नाही. होज तसाच लटकत ठेवला तर मात्र पाणी कोंडतं, गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि नळी चिरते. चीर बंद वायसरच्या पुढे असल्याने हिवाळाभर थेंबही दिसत नाही. एप्रिलमध्ये चावी फिरवली की गंगा अंगणाऐवजी बेसमेंटमध्ये अवतरते.

आता पराक्रम सुरू. तोटी नुसती ठिबकत असती तर मेन कॉक बंद करून, चावीमागचा नट सोडवून, दांडा ओढून टोकाचा वायसर बदलला की भागलं असतं. चिरलेल्या नळीला अख्खा नळच बदलावा लागतो. आपला भगीरथ रात्रभर व्हिडिओ पाहतो, सकाळी टेफ्लॉन टेप आणि भलामोठा पाना आणतो आणि अंगातली सगळी ताकद लावतो. आतला पाइप दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा राहून जातो, आणि नळाबरोबर तोही पिळवटतो. शेवटी प्लंबर येतोच, पण आता दुप्पट कामाला.

कुणी म्हणेल, हाताने काम करायला शिकतोय, त्याची थट्टा कशाला? शिकावंच, वायसर प्रत्येकाला बदलता यावा. पण ज्याला दुरुस्ती शिकायची असते, तो आधी बिघाड का झाला ते विचारतो. हा ते विचारत नाही, म्हणून पुढच्या ऑक्टोबरातही होज जागच्या जागीच. दुसरा आक्षेप असा, की फ्रॉस्ट-फ्री म्हणून विकलेला नळ फुटला, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? होज काढायची सूचना नळासोबतच्या कागदावर असते. सूचना न वाचणाऱ्या ग्राहकांवर ऑफिसात दिवसभर चिडणारा हा माणूस घरी तोच कागद खोक्यासकट फेकतो.

खरी अडचण प्रतिष्ठेची आहे. होज काढायला अर्धं मिनिट लागतं, पानाही लागत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला श्रीखंडाच्या रांगेत ‘मी होज वेळेवर काढला’ हे ऐकून कोण मान वळवणार? ‘नळ मीच बदलला’ म्हटलं की मात्र घोळका जमतो. आणि त्यातल्या बहुतेकांचे होज हिवाळाभर नळालाच असल्यामुळे दादही अगदी मनापासून मिळते.