डॉक्टरांनी वापरलेली

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींवरून महाराष्ट्राची जनगणना केली, तर इथला दर तिसरा माणूस डॉक्टर निघेल आणि तो घर ते दवाखाना यापलीकडे कुठेही जात नसेल. ‘डॉक्टर ओनर, सिंगल हँड, नॉन-ॲक्सिडेंट, रनिंग फक्त 42 हजार, घ्या आणि चालवा.’ डॉक्टर संपले की बँक मॅनेजर, ते संपले की ‘लेडीज युज’. पाच जिल्हे पालथे घालणाऱ्या सेल्समनची किंवा लग्नसराईत पांढऱ्या नंबरप्लेटवर वऱ्हाड वाहणारी गाडी मात्र कधी विक्रीला येत नाही. अशा गाड्या बहुधा सदेह वैकुंठाला जातात.

पिस्टनला मालकाची पदवी वाचता येत नाही. पण आपल्याकडे गाडी बघायला जायचं म्हणजे मालक बघून यायचं. आडनाव काय, दारात तुळस आहे का, बोलायला कसे आहेत. घरी परतल्यावर ‘माणसं फार चांगली आहेत हो!’ एवढा एकच निष्कर्ष हाती असतो. गाडीबद्दल विचारलं तर रंग सांगता येतो.

हाच माणूस मंडईत भेंडीचं टोक मोडल्याशिवाय पाव किलो घेत नाही. साडेचार लाखांच्या वस्तूपुढे मात्र त्याची वाचा बसते. बॉनेट उघडा म्हणणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं, असं त्याला मनापासून वाटतं. भीड ही भिकेची बहीण, हे त्याला पाठ आहे. पण बहीण म्हटल्यावर तिला दारातून परत कसं पाठवायचं?

एजंट मंडळींनी हे केव्हाच ओळखलंय. त्यांच्या ऑफिसात पाऊल टाकताच आधी चहा येतो. एकदा का त्यांचा चहा प्यायला, की गाडीखाली वाकून बघणं बरं दिसत नाही. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते बघायला मागावं असं मनात येतं, तेव्हा नेमकं तोंडात बिस्किट असतं.

यावर उतारा म्हणून आपण सोबत मेव्हणा नेतो. प्रत्येक घरात ‘गाडीतलं कळणारा’ एक मेव्हणा असतोच. तो टायरला लाथ मारतो, दार आपटून ‘पत्रा बघ, हल्ली असा मिळत नाही’ म्हणतो आणि इंजिनकडे पाहून ‘हं’ करतो. लाथ मारलेल्या त्याच टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. 2018 ची गाडी, रनिंग 42 हजार, आणि चारही टायर 2019 चे, तर आधीचे कशाने झिजले? पण हे वाचायला खाली बसावं लागतं आणि मेव्हण्याने इस्त्रीची पँट घातलेली असते.

मीटरचं म्हणाल तर ते लॅपटॉप लावून हवं तितकं मागे नेता येतं. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि ड्रायव्हरच्या सीटची फाटलेली कड यांना मागे नेणारा लॅपटॉप अजून निघालेला नाही. नवं रबर आणि नवं सीट कव्हर घालता येतं, पण ते 42 हजारांतच का लागलं, हा प्रश्न उरतो. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत दर खेपेचे किलोमीटर लिहिलेले असतात. त्या बघू का विचारल्यावर ‘आमचा विश्वास नाही का?’ असं कुणी म्हणालं, तर खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते आजवर कुणा मराठी माणसाच्या तोंडून बाहेर पडल्याचं ऐकिवात नाही.

तुम्ही पोचण्याआधीच गाडी चालू करून ठेवलेली असते, कारण थंड इंजिन खोटं बोलत नाही. बॉनेटवर हात ठेवला तरी हे कळतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. मेव्हणा म्हणतो, ‘थंडीचा धूर आहे.’ महिना मे असतो. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन बघणारा मेकॅनिक चार-पाचशे रुपयांत बरोबर येतो, पण मेव्हणा फुकट असतो.

फ्रीजवरचं चुंबकसुद्धा पुरतं. पत्र्याला ते चिकटतं, खाली जाड पुट्टी असेल तिथून घसरतं. मात्र ते कुठे लावायचं हे माहीत हवं. एका सासरेबुवांनी ते बंपरला लावलं आणि गाडी ठोकलेली असल्याचं जाहीर केलं. बंपर प्लॅस्टिकचा असतो. (माझं विचाराल, तर पुण्यात पाच वर्षं चालूनही एकही ओरखडा नसलेली गाडी मला जास्त संशयास्पद वाटते.) टचअपला घाबरू नये. दाराचं रबर ओढून पिलरवरचे वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर आहेत का ते बघावं. कंपनीचं मशीन शिस्तीत ठिपके देतं. गॅरेजमधला कारागीर मन रमेल तिथे देतो.

खरी गंमत बुडालेल्या गाडीत असते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली, 2021 मध्ये चिपळूण. पाणी ओसरतं, विमा कंपनी पैसे देऊन मोकळी होते, आणि गाडी लिलावातून, न्हाऊन-माखून, नवं सीट कव्हर लेवून दुसऱ्याच जिल्ह्यात डॉक्टरांची होते. तिचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला तर पुराची रेघ दिसते. स्टेपनीच्या खाचेत गाळ सापडतो, सीटच्या रुळांवर गंज. आत तीन-तीन सुगंधी डब्या लटकत असतात. मेव्हणा दीर्घ श्वास घेतो: ‘वा, मेंटेन काय ठेवलीय!’

मालकाला अवघड वाटणार नाही असाही एक उपाय आहे. विम्याची पॉलिसी मागावी. क्लेम न केलेल्याला नो क्लेम बोनस मिळतो, तो 20 टक्क्यांपासून वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो. ‘नखसुद्धा लागलेलं नाही’ म्हणणाऱ्या गाडीच्या पॉलिसीवर शून्य असेल, तर नख कुणाचं आणि केवढं होतं ते विचारावं.

विकणाऱ्याला सगळं ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, तर बाजाराचं काय होतं, यावर अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफने 1970 मध्ये जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन निबंध छापला. त्याआधी दोन नियतकालिकांनी तो क्षुल्लक म्हणून परत केला होता. 2001 मध्ये अकरलॉफला नोबेल मिळालं. आपल्या एजंटांना हे सगळं निबंधाशिवाय कळतं, शिवाय कमिशन मिळतं.

पण विकणाराही काही कमी भिडस्त नसतो. 29 आणि 30 नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या मागितल्या की तो चष्मा लावून, सुवाच्य अक्षरात करून देतो. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. विक्रीची खबर 14 दिवसांत आरटीओला द्यायची असते, पण ‘आम्ही बघतो ना’ म्हटल्यावर पाठपुरावा करणं बरं दिसत नाही. नाव आरसीवर तसंच राहतं. अशाच, बऱ्याच हातांतून फिरलेल्या एका गाडीच्या अपघाताची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावरच टाकली.

आपल्या विकणाऱ्याचं प्रकरण अजून तेवढ्या थराला गेलेलं नसतं. सहा महिन्यांनी समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचं ई-चलन मोबाइलवर येऊन पडतं. जन्मात साठच्या वर न गेलेले हे गृहस्थ घाबऱ्याघुबऱ्या एजंटाला फोन करतात. तो अजिबात गडबडत नाही. ‘होऊन जाईल सर ट्रान्सफर, पार्टी जरा बाहेरगावी आहे. या ना इकडे, चहा घेऊ.’