कुरकुरीत गृहस्थ

सकाळचं फिरणं, बँकेत जाऊन पासबुकावर नोंदी छापून आणणं आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत डोकावून येणं, एवढं सगळं आटोपलं तरी घड्याळात दहाच वाजलेले असतात. पुढच्या दिवसाचं करायचं काय, या प्रश्नावर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या इंजिनिअरांनी जी उत्तरं शोधली आहेत, त्यांत बागकाम निरुपद्रवी, होमिओपॅथी थोडी धोक्याची आणि स्वयंपाक सगळ्यांत भयंकर. आमच्या मजल्यावरचे काका या तिसऱ्या गटातले.

हा गृहस्थ रोजचा स्वयंपाक करत नाही. वरण-भात हा त्याच्या मते कधीच सुटलेला प्रश्न आहे. त्याला असा पदार्थ लागतो, जो हमखास बिघडतो आणि बिघडल्यावर ज्याची कारणमीमांसा करता येते. म्हणून तो पाकातल्या चिरोट्यांकडे वळतो, घरी पनीर करतो, पावाच्या पिठाला नाव ठेवून त्याला रोज खाऊ घालतो. तो कांदा चिरत नाही, कांद्याचे 'काप काढतो'. आणि त्याला मीठ चवीपुरतं लागत नाही, टक्क्यांत लागतं.

यंदा निमित्त झालं नातवाचं. मॉलमध्ये कुठेतरी त्याने अनियन रिंग्ज खाल्ल्या आणि घरी येऊन विचारलं, "आजोबा, हे घरी होतं का?" काकांची सगळी हयात टूलरूममध्ये गेलेली. "होतं का?" असं विचारणाऱ्या साहेबाला "होतं" म्हणून सांगायचं आणि मग रात्रपाळीला थांबून ते करून दाखवायचं, यावरच त्यांचा संसार उभा राहिलेला. नातवाला बिचाऱ्याला हा इतिहास ठाऊक नव्हता.

मुहूर्त ठरला कांदेनवमीचा. आषाढ शुद्ध नवमी. दोन दिवसांनी एकादशी, मग चातुर्मास. काकांच्या आई, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्यांच्या आजी, पंच्याऐंशी उलटली तरी चार महिने कांद्याला शिवत नाहीत. त्यामुळे त्या घरात कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ आणि भरल्या कांद्याची भाजी असा बेत ठरलेला. काकांनी तो रद्द करून एकच बाब कार्यक्रमपत्रिकेवर ठेवली. काकूंनी "बरं" म्हटलं आणि मागची शेगडी आपल्याकडे राखून ठेवली. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस कोणती शेगडी मागून घ्यायची ते शिकतो.

पहिला अंक मंडईत. अमेरिकेत या रिंगांसाठी मोठा, पिवळट, गोडसर कांदा घेतात. जॉर्जिया राज्यात विडालिया नावाचा असा एक कांदा आहे आणि त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. आपला नाशिककडचा कांदा त्या मानाने अंगाने लहान आणि जिभेने तिखट. आषाढात बाजारात असतो तो उन्हाळ कांदा, चैत्र-वैशाखाच्या सुमारास काढून चाळीत साठवलेला. तो घट्ट असतो, पाणी कमी सोडतो, तेव्हा निवड योग्यच होती. पण काकांनी खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला आणि एकेका कांद्याचा व्यास घ्यायला सुरुवात केली. भाजीवाल्याने वजनमाप खात्याची माणसं आली असं समजून आधी आपला काटा पोत्याखाली सारला.

दुसरा अंक याहून नाजूक. काकांच्या वाचनात आलं होतं की हेस्टन ब्लूमेंथल नावाचा इंग्रज शेफ माशाच्या आवरणाच्या पिठात व्होडका घालतो. शास्त्र पक्कं आहे. मैद्यात पाणी घालून ढवळलं की ग्लुटेनचे धागे तयार होतात, आवरण चिवट होतं. अल्कोहोलमध्ये ते नीट तयार होत नाहीत. शिवाय अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, म्हणजे कढईत पडल्यावर ते पाण्याच्या आधी उडून जातं आणि आवरण लवकर कोरडं होतं. हे सगळं काकांनी मला जिन्यात समजावून सांगितलं, कारण त्यांना सोबत हवी होती. आयुष्यात कधी त्या दुकानाची पायरी चढलेले नव्हते. हातात कापडी पिशवी, तिच्यावर एका सहकारी बँकेचं नाव. दुकानदाराला त्यांनी विचारलं, "भज्यांना चालेल अशी व्होडका कोणती?"

दुकानदाराने क्षणभर विचार करून विचारलं, "भज्यांबरोबर की भज्यांत?"

या प्रश्नातली शास्त्रीय अचूकता काकांना इतकी आवडली की त्यांनी त्याच्याकडूनच सोड्याच्या चार बाटल्याही घेतल्या. सोडा थंडगार हवा, त्यातले बुडबुडे पिठाला हलकं करतात. घरी आल्यावर चपटीवर चिकटपट्टी लावून 'फक्त पिठासाठी' असं लिहिलं आणि ती लोणच्याच्या बरणीमागे गेली. आजींनी विचारलंच, काय आणलंस. काका म्हणाले, स्पिरिट. "इंजेक्शनच्या आधी लावतात ते?" "तसंच काहीसं." आजींचा पिठाविषयीचा आदर वाढला. सुनेने मात्र लेकासाठी नुसत्या सोड्याचं वेगळं पीठ करा म्हणून बजावलं. काकांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं, तो उजळला. आता तुलनात्मक चाचणी होणार होती. दोन भांड्यांवर 'अ' आणि 'ब' अशा चिठ्ठ्या लागल्या.

आम्हाला सहाचं बोलावणं होतं. सहा वाजता सगळं घर जेवणाच्या टेबलाभोवती बसून कांदे सोलत होतं. काप साधारण अर्ध्या इंचाचे काढायचे, एकेक वेटोळं सुटं करायचं, इथवर ठीक. पण कांद्याच्या दोन पाकळ्यांमध्ये एक पातळ पारदर्शक पापुद्रा असतो. तो निसरडा असतो, पीठ त्याच्यावर धरत नाही, आणि खाताना कांदा तिथूनच निसटतो. म्हणून प्रत्येक वेटोळ्याचा पापुद्रा नखाने सोडवून काढायचा, असा हुकूम होता. मुलगा कंपनीत टीम लीड आहे. तो मुकाट्याने पापुद्रे काढत होता. सुनेच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. काका तिला म्हणाले, "हे रडणं वाटतं तितकं साधं नाही हं. त्यामागची रासायनिक प्रक्रिया समजतो त्याहून गुंतागुंतीची आहे हे दाखवल्याबद्दल जपानी शास्त्रज्ञांना २०१३ साली इग नोबेल मिळालंय."

"बाबा, जरा पंखा लावता?"

"पंखा नाही! गॅसची ज्योत हलते."

सोललेली वेटोळी काका व्हर्निअरने मोजून तीन ताटांत लावत होते. काकू जाता जाता एक उचलून बोटांवर फिरवून म्हणाल्या, "ही दोन-चारची." बांगडीचं माप. काकांनी त्रासिकपणे आतला व्यास घेतला. सत्तावन्न मिलिमीटर आणि वर थोडं. सव्वादोन इंच. बांगडीवाल्याचं दोन-चार म्हणजे तेवढंच. काकांनी व्हर्निअरची शून्य चूक तपासून पाहिली. काकू तोवर मागच्या शेगडीकडे पोचल्या होत्या.

मग तेल. काकांना १८० अंश हवे होते. कोविडच्या दिवसांत कपाळावर रोखायचं ते तापमापी पिस्तूल त्यांनी आधी कढईवर रोखलं. ते माणसाच्या तापासाठी केलेलं; बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे गेलं की त्याला काही कळत नाही. त्याने पडद्यावर 'हाय' असं दाखवलं. नातू म्हणाला, "आजोबा, ते तेलाला हाय म्हणतंय." मग लांब दांडीचं खास तापमापक निघालं आणि तेल तापेपर्यंत आम्हाला इतिहास ऐकावा लागला. टेक्सासमधल्या पिग स्टँड नावाच्या उपाहारगृहांचा दावा आहे की १९२०च्या दशकात त्यांच्याकडेच ही चीज जन्मली. म्हणे एका आचाऱ्याच्या हातून कांद्याची चकती चुकून पिठात पडली आणि ती तळावी लागली. १९३३ साली क्रिस्को या वनस्पती तुपाच्या जाहिरातीत कृती छापून आली. पण त्याच्याही शंभराहून अधिक वर्षं आधी जॉन मोलार्ड नावाच्या इंग्रजाने आपल्या पाकपुस्तकात कांद्याच्या चकत्या मैदा, साय आणि पार्मेझान चीजच्या पिठात बुडवून चरबीत तळायला सांगितलं होतं. चुकून पडल्याची गोष्ट काकांना साफ नामंजूर. "अपघाताने भजी होत नाहीत," ते म्हणाले. "कढईखाली गॅस कोणीतरी मुद्दाम पेटवलेला असतो."

तेवढ्यात मागच्या शेगडीवरून वास आला. काकूंनी कांदा उभा चिरून, मीठ चोळून ठेवला होता. त्याला सुटलेल्या पाण्यातच मावेल तेवढं बेसन, चमचाभर तांदळाची पिठी, ओवा, तिखट. वरून पाण्याचा थेंब नाही. वेडीवाकडी, तंगड्या बाहेर आलेली खेकडा भजी ताटलीतून फिरू लागली. सिंहगडावर चढून गेल्यावर मिळतात ती हीच. काकांनी तिकडे पाहिलं नाही. "तो माझा विषय नाही," एवढंच म्हणाले. आम्ही त्यांच्या पाठीमागे जमेल तितक्या कमी आवाजात खाल्ली.

पावणेनऊला पहिली रिंग तेलात पडली. आधी कोरड्या कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवलेली, मग अर्धवट ढवळलेल्या, मुद्दाम गुठळ्या ठेवलेल्या पिठात बुडवलेली. एका वेळी चारच, कारण जास्त टाकल्या की तेल थंड होतं आणि थंड तेल आवरणात शिरतं. काढून कागदावर ठेवायच्या नाहीत. शंभर ग्रॅम कांद्यात ८९ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, तळून काढल्यावरही त्याची वाफ बाहेर येत राहते आणि खालून बूड मऊ करते. म्हणून वांगी भाजायच्या जाळीवर. या क्षणी सुनेने अत्यंत सद्भावनेने विचारलं, "बाबा, सगळ्या होईपर्यंत कॅसरोलमध्ये ठेवू का?"

काका बोलले नाहीत. टूलरूममध्ये कोणी मायक्रोमीटर हातोडा म्हणून वापरला असता तर त्यांनी ज्या नजरेने पाहिलं असतं, तसं पाहिलं.

पहिली रिंग मला मिळाली. टीव्ही बंद करण्यात आला. काका समोर झुकून उभे. मी चावलो. "ऐकू आला?" त्यांनी घराला विचारलं. घराला ऐकू आला होता.

खरं सांगायला हवं: रिंग अप्रतिम होती. बाजारातल्या रिंगमधून पहिल्याच घासाला अख्खा कांदा बाहेर ओढला जातो आणि हातात रिकामं कवच उरतं. ही दात लागला तिथेच तुटली. बाहेर पातळ, कोरडं, खारं कवच. आत शिजून गोड झालेला कांदा. बोटांना तेल नाही. या माणसाची अडचण आहे ती हीच. रिंगा बिघडल्या असत्या तर पुढच्या वर्षी सगळे सुटलो असतो. सहा माणसं, दोन लिटर तेल, पावणेतीन तास आणि ओट्यावर एकही मोकळी वीतभर जागा नाही, हे सगळं त्या एका कुरकुरीत आवाजाने माफ होतं. तक्रार करायला तोंड उघडावं, तर त्यात दुसरी रिंग येते.

'अ' आणि 'ब'मधला फरक कोणालाच सांगता आला नाही. "दोन्ही छान" हे उत्तर काकांनी नोंदवून घ्यायला नकार दिला.

आजींची पाळी आली तेव्हा साडेनऊ झाले होते. चातुर्मासाआधीचा त्यांचा हा शेवटचा कांदा, म्हणून काकांनी जाळीवरची सर्वांत सुबक रिंग निवडली, 'अ' गटातली, आणि स्वतः नेऊन दिली. आजींनी ती फिरवून पाहिली. "गोल भजीच की रे," त्या म्हणाल्या. मग कवळीला झेपेना म्हणून त्यांनी ती शेजारच्या चहाच्या कपात बुडवली. पूर्ण. पाच-सात सेकंद धरून ठेवली, नीट मऊ झाल्याची बोटाने खात्री केली आणि समाधानाने खाल्ली. "स्पिरिट चांगलं आहे हो. आणखी एक दे."

काकांनी दुसरी दिली. तिसरीही दिली. प्रत्येक वेळी मान दुसरीकडे वळवून.

सकाळी मी पेपर परत द्यायला गेलो, तेव्हा काकू उरलेलं पीठ संपवत होत्या. 'अ' आणि 'ब' एकाच पातेल्यात. त्यात बेसन, कोथिंबीर, हिरवी मिरची, आणि तव्यावर धिरडी. काका वही घेऊन शेजारी उभे.

"बेसन किती घातलंस?"

"अंदाजाने."

"अंदाज म्हणजे किती ग्रॅम?"

"हाताला येईल तेवढं, अहो."

काकांनी डिजिटल काटा आणला आणि पुढची मूठ त्यावर टाकायला लावली. एकेचाळीस ग्रॅम. पीठ सरबरीत झालं म्हणून काकूंनी आणखी एक टाकली, ती अठ्ठावन्न. शेवटची छत्तीस. धिरडी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच जाळीदार उतरत होती. काकांनी तिन्ही आकडे पुन्हा वाचले, काटा उलटा करून पाहिला, सेल बदलले आणि मला म्हणाले, "बिघडलाय." दुपारी नवीन काटा मागवला. तो अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवतो.