अतिक्रमण हटावच्या गाडीस अनावृत पत्र

मा. गाडीबाई यांसी,
सा. न. वि. वि.

आपला दरारा मोठा. दादर स्टेशनाबाहेर आपण नुसत्या वळणावर दिसलात की कुणीतरी ओरडतं, ‘गाडी आली रे!’ आणि हा हा म्हणता फुटपाथ मोकळा होतो. पाणीपुरीवाला पुऱ्यांची टोपली डोक्यावर घेतो, वेताचा स्टँड काखोटीला मारतो आणि बोळात शिरतो. त्याच्यामागे हातात द्रोण धरून चार-पाच गिऱ्हाइकंही. सहातल्या दोनच पुऱ्या पोटात गेलेल्या असतात, आणि शेवटची सुकी पुरी तर हक्काची!

पैसे बुडवायला हीच संधी नामी, पण ती सहसा कुणी साधत नाही. वड्याच्या गाडीवर बिल छापत नाहीत. खाणाराच हात पुसत सांगतो, ‘तीन वडापाव, एक भजीपाव’, आणि त्याच्या शब्दावर हिशेब मिटतो. काचेआडच्या हॉटेलात हे करून बघावं.

वडापाव 1966 साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर जन्मला, असं मानलं जातं. त्या दिवशी आपली फेरी वेळेवर झाली असती, तर मुंबईकर आजही डब्यातल्या पोळीभाजीवर गुण्यागोविंदाने नांदला असता.

2014 चा पथविक्रेता कायदा आपल्या खणात कुठंतरी पडलेला असेलच. सर्वेक्षण पुरं होऊन विक्रीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवू नये, असं तो म्हणतो. जप्त मालाची यादी द्यावी आणि नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा, असंही. आता परातभर बटाट्याची भाजी दिवसभर उन्हात हिंडवून आपण संध्याकाळी कोणत्या अवस्थेत परत कराल, यावर कायदा गप्प आहे. तेवढी दुरुस्ती आपणच सुचवावी. शिवाय 2020 मध्ये पीएम स्वनिधी योजनेत सरकारच अशा विक्रेत्यांना भांडवलासाठी 10,000 रुपयांपर्यंतचं पहिलं कर्ज देऊ लागलं. त्यातून घेतलेली कढई आपल्या पिंजऱ्यात चढली, तर बँकेचा हप्ता कुणाच्या नावावर टाकायचा?

आपली बाजूही खोटी नाही. बाकडी आणि शेगड्यांमधून म्हाताऱ्या माणसाला वाट काढता येत नाही. एकाच बादलीत दिवसभर बशा विसळल्या जातात; त्या पाण्याकडे न बघता खाण्याची कला मुंबईकराने साधली आहे, एवढंच. पण आपण बादली उचलून नेता, नळ काही आणत नाही. सिंगापूरने रस्त्यावरचे फेरीवाले नळ आणि गटारं असलेल्या हॉकर सेंटरांत नेऊन बसवले, 1986 पर्यंत ते काम तडीस नेलं. 2020 मध्ये तीच खाद्यसंस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

एवढं आपल्याच्यानं व्हायचं नसेल, तर निदान पाच ते आठ टाळावं. तेव्हा घाणे एकामागून एक निघत असतात. आणि हौद्यात उभ्या असलेल्या आपल्या मंडळींना चटणी तिखट लागते की गोड, तेही उलट टपाली कळवावं.

लोभ असावा, ही विनंती.

आपली,
कोपऱ्यावरची समस्त गिऱ्हाइकं