डोपामिनचा उपास आणि सशाचे पडलेले कान

ऐकलंत का? आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या डोईफोडियात म्हणे आता डोपामिनचा उपास धरतात! एकादशी झाली, चतुर्थी झाली, सोळा सोमवार झाले, आता हे नवं व्रत. याला ना साबुदाणा लागत ना भगर. मोबाईल उशीखाली ठेवायचा, चहाला नाही म्हणायचं आणि दर पाच मिनिटांनी उशी उचलून मोबाईल जागेवर आहे ना, एवढं बघायचं. झालं पुण्य!

हे खूळ आणलं इंदूर-बुऱ्हाणपूरला शिकायला गेलेल्या पोरांनी. परवा एका घरी पाहुण्या पोराने भरला कप परत केला. म्हणे, “काकू, चहा नको, डोपामिन वाढतं.” काकूंच्या पोटात धस्स झालं. “अरे देवा! किती निघालं? उपाशीपोटी की जेवल्यावर?” त्यांना शुगरचाच कुणी भाऊबंद वाटला. पोराने अर्धा तास समजावलं, तोवर चहावर साय आली आणि काकूंची खात्री पटली की पोराचं लग्न आता लांबवण्यात अर्थ नाही.

बरं, गुन्हा कुठलाही असो, आरोपी हाच! सून रील बघते, डोपामिन. दीर आकडा लावतो, डोपामिन. पोरगं अभ्यासाला बसत नाही तर डोपामिन कमी, आणि क्रिकेटपुढून उठत नाही तर डोपामिन जास्त. पूर्वी एवढं सगळं ‘संगत वाईट’ या दोन शब्दांत भागायचं.

तेव्हा म्हटलं, सोयरीक जुळवायची तर घराणं बघावं. घराणं कॅटेकोलअमाइन नावाच्या शरीरातल्या रसायनांचं. मूळ पुरुष टायरोसिन, म्हणजे डाळ-दुधातल्या प्रथिनांतला घटक. त्याच्यापासून एल-डोपा, त्याच्यापासून डोपामिन, मग नॉरअॅड्रेनॅलिन आणि शेंडेफळ अॅड्रेनॅलिन. केळीच्या बागेत पायाशी साप सळसळला की छाती धडधडते, तो या शेंडेफळाचा प्रताप. नॉरअॅड्रेनॅलिन मेंदूला सावध ठेवतं. आणि ज्याची एवढी बदनामी चालली आहे ते डोपामिन? हातापायांची हालचाल त्याच्याच जिवावर चालते!

सुखाचं रसायन म्हणून त्याची ख्याती, पण तीही अर्धीमुर्धीच खरी. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांना फळाचा रस देऊन पाहिलं. सुरुवातीला रस मिळाला की डोपामिनच्या पेशी चेकाळायच्या. पुढे खूण दिसली की रस येतो हे माकडाला कळलं, तर पेशी खुणेलाच नाचू लागल्या आणि रस आल्यावर ढिम्म! खूण झाली नि रस आलाच नाही, तर त्या गप्प पडायच्या. थोडक्यात, अपेक्षेचा हिशेब ठेवणारा हा मुनीम. मोबाईल वाजला की आत काय आलंय हे कळायच्या आधीच आपला हात का जातो, ते आता समजलं ना?

पण खरा घोटाळा पुढेच आहे. उपास धरणारी ही मंडळी फराळाला काय खातात? केळी! आणि 1958 सालीच अमेरिकी संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात छापलं होतं की केळ्यात डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन दोन्ही असतात, सालीत तर जास्तच. म्हणजे आख्खा बुऱ्हाणपूर जिल्हा डोपामिन पिकवतो आणि ट्रक भरभरून बाहेर धाडतो, आहात कुठे! घाबरू नका. खाल्लेलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, वाटेत पहारा आहे. मात्र या घराण्याची लघवीतून तपासणी करायची असेल, तर आधी काही दिवस केळी बंद ठेवायला सांगतात. नाहीतर रिपोर्टात रोग्याऐवजी केळंच सापडायचं.

आता खरा डोपामिनचा उपास कुणाला घडला तेही ऐका. आपली सर्पगंधा माहीत आहे ना? तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाचे कान टवकारले. 1952 मध्ये तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. 1957 साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी तेच सशांना टोचलं. मेंदूतलं हे सगळं घराणं रिकामं झालं आणि ससे जागच्या जागी बसले, कान पडले, हलेनात. मग एल-डोपा टोचलं, जे आपल्या खाजकुहिलीच्या बियांतही असतं. काही मिनिटांत ससे उठून हिंडू लागले!

एवढं डोळ्यांदेखत घडूनही विद्वान पटकन मानतील तर शपथ. 1960 साली लंडनला परिषद भरली. नोबेलवाले सर हेन्री डेल यांच्यासारखे बुजुर्ग समोर बसलेले. त्यांनी डोपामिन मेंदूत काम करतं या कार्लसन यांच्या म्हणण्यावर शंकाच शंका काढल्या. पुढे 2000 साली त्याच कार्लसन यांना नोबेल मिळालं. आपल्याकडच्या रुसलेल्या व्याह्यांनासुद्धा मान डोलवायला चाळीस वर्षं लागत नाहीत!

उपासाचं हे फॅड 2019 च्या सुमारास गाजवलं कॅलिफोर्नियाचे मानसतज्ज्ञ कॅमेरॉन सेपा यांनी. तेही सांगून चुकलेत की नाव शब्दशः घेऊ नका, हेतू फक्त अनावर सवयींना लगाम घालण्याचा. पण रीलमध्ये एवढं सांगायला वेळ कुणाला?

तेव्हा बाबांनो, मोबाईल दूर ठेवायचा तर खुशाल ठेवा, चांगलंच आहे. त्याला ‘सवय मोडतोय’ म्हणा आणि आलेला चहा गरम असताना प्या. डोपामिन खरोखर आटलेला माणूस म्हणजे पार्किन्सनचा रुग्ण. त्याचा हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, सदऱ्याचं बटण लागत नाही, आणि औषध म्हणून त्याला एल-डोपाच देतात. ज्या घरात असं माणूस आहे, तिथे बसून तरी या उपासाचं कौतुक सांगू नका.