शांतताप्रिय दांपत्य

शहराच्या कोलाहलास विटून केवळ शांततेच्या शोधार्थ सिंहगड चढणारे जे एक प्रौढ दांपत्य आतकरवाडीच्या पायवाटेवर रविवारी हमखास भेटते, त्यातील यजमानांची हयात सरकारी कचेरीत गेलेली असल्यामुळे, शांतता ही देखील हुकुमाखेरीज अमलात येत नाही अशी त्यांची दृढ श्रद्धा असते. पायांत कॅनव्हासचे बूट, कानांवरून मफलर आणि हाती वेताची काठी अशा सरंजामानिशी ते पुढे चालतात. मागून पातळाचा पदर खोचून, पाण्याच्या तांब्यासह सर्व सामान खांद्यावरच्या पिशवीत घेऊन बाईसाहेब येतात. "अगं, चढणीवर बोलू नये, दम लागतो," असे यजमान दर वळणावर मागे वळून बजावतात. वास्तविक त्या माउलीने घर सोडल्यापासून चकार शब्द काढलेला नसतो.

वाटेत कोणी ट्रान्झिस्टर लावलेली तरुण मंडळी भेटलीच, तर निसर्गाच्या सान्निध्यात मौनाचे माहात्म्य काय, याविषयी ते त्यांना अशा खणखणीत आवाजात समज देतात की पुढच्या टप्प्यावरचा ताकवालाही आपली आरोळी आवरती घेतो.

पुणे दरवाजा ओलांडून तानाजींच्या स्मारकाशी आल्यावर तर त्यांच्या वाणीस बहर येतो. १६७० सालच्या ४ फेब्रुवारीच्या रात्री मावळे कडा चढले हे त्यांस मान्य, परंतु यशवंती घोरपडीचे नाव कोणी काढताच, "दाखला काय? अस्सल कागद कोठे आहे?" असा दफ्तरी सवाल ते टाकतात. पुण्याच्या माणसास वादासाठी प्रतिपक्ष धुंडाळावा लागत नाही, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० फुटांवरही तो आयता लाभतो. आणि मग पोवाडा हा पुरावा धरावा की नाही, यावर घोरपडीचा खटला ऊन माथ्यावर येईपर्यंत चालतो.

तिकडे देवटाक्यापलीकडच्या झोपडीत बाईसाहेब चुलीशी पाट ओढून केव्हाच विसावलेल्या असतात. बुक्कीने फोडलेला कांदा, ठेच्याचा गोळा, वाफाळते पिठले, भाकरीचा पापुद्रा उचलून त्याखाली घातलेली तेलाची धार. आणि भाकरी थापणाऱ्या मावशींची सून माहेरी का गेली, म्हैस कितव्या वेताची, डोणज्याच्या बाजारात सध्या नाचणीचा भाव काय, याची इत्थंभूत चौकशी. सबंध गडावर मोकळेपणी दोन शब्द बोलले जातात असे हे एवढेच ठिकाण असावे, असे मला वाटते.

घसा बसलेल्या अवस्थेत यजमान अखेरीस तेथे येतात, मडक्यातले गार दही पुढ्यात ओढतात आणि घोगऱ्या आवाजात म्हणतात, "आज कशी मनाजोगती शांतता लाभली!"

"हो ना," बाईसाहेब म्हणतात.

मग खिशातील वहीत 'दही, मडकी २' अशी नोंद होते. तिसऱ्याचे पैसे बाईसाहेबांनी अगोदरच, कनवटीतून, परस्पर चुकते केलेले असतात.